मुकादमाचं निळं रक्त

माझ्या नणंदेच्या उजव्या अंगठ्यावर एक पांढरा व्रण आहे. लोक अंगठी दाखवतात तसा ती तो पुढे करते आणि म्हणते, "हा मुकादमाने दिला." समोरच्याला वाटतं, कुठल्याशा कारखान्यात मारामारी झाली असावी. ती त्याला तसं वाटू देते. तो पुरता अवघडला की मग सांगते, मुकादम म्हणजे खेकडा. वर्षानुवर्षं मी हा खेळ बघते आहे आणि दरवेळी हसते, कारण व्रण कसा आला ते मला ठाऊक आहे.

मी तिला ताई म्हणते. भांडण झालं की वन्सं म्हणते. तेवढ्यावरून तिला कळतं, आज चहा आपला आपण करून घ्यायचा आहे.

ताईने पदवी घेतली प्राणिशास्त्राची आणि नोकरी मिळाली तिकिटं फाडायची. शहरातल्या मोठ्या बागेच्या मागच्या टोकाला मत्स्यालयाची बुटकी, लांबट इमारत आहे. पुढच्या बाजूने लोक येतात, अंधाऱ्या दालनात भिंतीतल्या काचांना नाक लावून मासे बघतात. मागच्या बाजूला टाक्यांच्या पाठी एक अरुंद बोळ आहे, तिथे खरं काम चालतं. नळ्या, पंपांची घरघर, पाण्याची पिंपं, जाळ्या, कायम ओली फरशी. तिथला जुना माणूस गावी निघून गेला तेव्हा ताईने खिडकीतून बाहेर येऊन त्याचे रबरी बूट पायात चढवले. बूट दोन्ही पायांना मोठे होते. मत्स्यालयाच्या साहेबांनी विचारलं, तिकीट खिडकीत कोण बसणार? ती म्हणाली, कुणीही बसेल, तिकीट चावत नाही. साहेब मवाळ माणूस होते, आणि टाक्या धुवायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून ते बूट तिच्या पायातच राहिले.

लग्नाचं तिच्यापुढे दोन-चार वेळा निघालं. आलेल्या मंडळींना ती उत्साहाने गोगलगाईंविषयी सांगायची. पुन्हा कुणी आलं नाही आणि तिने वाईटही वाटून घेतलं नाही.

मी स्वतः रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. सकाळभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, नळ्या भरायच्या. म्हणजे एका घरात रक्ताशी संबंध असलेल्या दोघी. फक्त माझं रक्त लाल होतं आणि तिचं निळं निघालं, त्यावरून सगळं घडलं.

त्याआधी आमच्या घरचा कायदा सांगायला हवा. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो, बाइंडर होते. एका छापखान्यात त्यांनी उभं आयुष्य पुस्तकं बांधण्यात घालवलं. त्या छापखान्याने ऐन भरभराटीत एक ज्ञानकोश काढला होता, अक्षरांप्रमाणे खंड, तपकिरी कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. प्रत्येक प्रत बाबांच्या टेबलावरून गेली होती. एक संच त्यांनी घरासाठी मन लावून बांधला, आणि बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवला. जेवताना कुणाचा वाद झाला की बाबा हात धुवायचे, पंच्याला पुसायचे, अगदी बोटांच्या बेचक्यांतून पुसायचे, मग खंड काढून टेबलावर ठेवायचे आणि मोठ्याने वाचायचे. पुस्तकात जे असेल ती काळ्या दगडावरची रेघ. जो हरेल त्याने भांडी घासायची. माझा नवरा, म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, मतं फार ठामपणे मांडतो, त्यामुळे त्याचे हात नेहमी साबणाने कोरडे पडलेले असायचे.

आता कोश जुना होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यात चंद्रावर माणूस पोचणं 'जवळजवळ अशक्य' होतं. नकाशावर नाहीत असे देश त्यात सुखाने नांदत होते. मी नवी होते तेव्हा एकदा चंद्राचं बोलून गेले. बाबांनी चष्मा काढला आणि शांतपणे सांगितलं, "पुस्तक चुकलं नाही. जग पुढे गेलं." मी भांडी घासली.

पुढे मला उमगलं की बाबांना आतल्या मजकुराबद्दल फारसं म्हणायचं नसायचं. एवढ्या निगुतीने शिवलेलं, खळ लावून दाबलेलं, कोपरे चोख बसवलेलं पुस्तक आतून खोटं असेल हे त्यांच्या हातांना पटत नव्हतं. पुस्तकावर पेन्सिलची रेघ मारलेलीही त्यांना चालत नसे. माझ्या नवऱ्याने लहानपणी घोड्याच्या चित्राला मिशा काढल्या होत्या, ती गोष्ट अजून निघते.

मुकादम मत्स्यालयात आला तो जाळ्यात गुरफटून. बंदरावरच्या एका मच्छीमाराने एवढा मोठा खेकडा विकायचं जिवावर आलं म्हणून स्वतः बादलीतून आणून दिला. पाठ ताटलीएवढी, एक नांगी दुसरीपेक्षा जाडजूड. टाकी साफ करायला ताईने हात घातला की तो कोपऱ्यातून बाहेर यायचा, दोन्ही डोळ्यांच्या काड्या उभ्या करायचा आणि ती काय करते ते शेवटपर्यंत बघत राहायचा. स्वतः काडी इकडची तिकडे करायचा नाही. म्हणून मुकादम.

जाळ्यातून सोडवताना त्याच्या एका पायाचं टोक मोडलं होतं. ताईने त्याला पांढऱ्या एनॅमलच्या तबकात ठेवलं, तेव्हा तिथून थेंब गळले, पाण्यासारखे बिनरंगी. ती जाळं कापत राहिली. थोड्या वेळाने तबकाकडे बघते तर थेंब निळसर झालेले. कपड्यांच्या शेवटच्या पाण्यात नीळ घातल्यावर दिसतो तेवढाच रंग, पण निळाच. त्या संध्याकाळी ती बूट न काढता घरात शिरली. मी ओरडणार होते, पण तिचा चेहरा बघून फरशी मीच पुसली.

जेवताना नवरा म्हणाला, तबक नीट धुतलं नसशील, रक्त कुठे निळं असतं का. झालं. बाबा उठले, हात धुतले, 'ख'चा खंड आला. खेकडा या नोंदीवर अर्धं पान चित्र होतं आणि खाली मजकूर. त्याच्या रक्तात आपल्यासारखं लोह नसून तांबं असतं, त्यामुळे हवा लागताच ते निळं दिसतं, असं पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. ताईने टेबलावर थाप मारली. नवरा मुकाट्याने ताटं गोळा करू लागला. बाबांनी मात्र नोंद शेवटपर्यंत वाचली, कारण अर्धवट वाचणं त्यांना चालायचं नाही. शेवटी होतं: 'बंदिस्त पाण्यात ठेवलेले खेकडे तांब्याच्या अभावी फिके पडतात व अन्न सोडतात. अशा वेळी पाण्यात तांब्याचा तुकडा ठेवल्यास गुण येतो.'

त्या वेळी कुणी त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. ताईच्या डोक्यात ते राहिलं.

मुकादम मत्स्यालयात रुळला. माणसं त्याच्यासाठी येऊ लागली. शाळेच्या सहली आधी त्याची टाकी विचारत. ताई काचेशेजारी उभी राहून सांगायची की आपल्या रक्तात लोखंड आहे, याच्या रक्तात तांबं आहे, दोन्ही धातूंचं काम एकच, श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवायचा. तिकिटाच्या खिडकीत बसून तिचं जे वाळून गेलं होतं ते सगळं परत हिरवं झालं. घरी ती मुकादमाबद्दल असं बोलायची की शेजारच्या काकू एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मुलगा नोकरीला चांगला दिसतो, घरचे कोण आहेत?

आणि मग मुकादमाने खाणं सोडलं.

आधी शिंपल्याचं मांस तसंच पडून राहिलं. मग तो बाहेर यायचा थांबला. पाठीचा तजेलदार रंग मळकट, फिकट झाला. ताई टाकीत हात घालून मुद्दाम सावकाश दगड घासायची, पण डोळ्यांच्या काड्या वर यायच्या नाहीत. ती घरी येऊन गप्प बसायची. आमची ताई गप्प म्हणजे घर बंद पडल्यासारखं. एका दुपारी मी तिला विचारलं तर म्हणाली, "तो मेला ना, तर मी परत खिडकीत जाऊन बसेन. मला दुसरं काही मागायचंच नाही." ती हे रडून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

फिका पडला आहे, अन्न सोडलं आहे. पुस्तकात होतं ते अक्षर न अक्षर जुळत होतं. तिने बाबांना सांगितलं, तांब्याचा तुकडा हवा. बाबांना तर कित्येक दिवसांत कुणी पुस्तकाच्या भरवशावर एवढं मोठं काम सांगितलं नव्हतं. ते आतल्या खोलीत गेले, पेटी उघडली आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. छापखाना बंद झाला तेव्हा त्यांनी तिथून आठवण म्हणून चित्रांचे काही ब्लॉक मागून आणले होते. पूर्वी चित्र छापायचं तर ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्याचा ब्लॉक करत. त्यातला एक खेकड्याचा होता. 'ख'च्या खंडातला तोच खेकडा, तांब्यात, आरशातल्यासारखा उलटा. बाबांनी मागची लाकडी फळी काढली, पत्रा घासूनपुसून लख्ख केला आणि ताईच्या हातात दिला. "शुद्ध आहे," म्हणाले. "आमच्याकडे भेसळ नव्हती."

जगात दुसऱ्या कुठल्या घराने ही चूक केली असती असं मला वाटत नाही. खेकड्याला बरं करायला खेकड्याचं चित्र पाण्यात ठेवलं, तेही तांब्याचं, ज्या पुस्तकाने औषध सांगितलं त्याच पुस्तकातलं.

दुसऱ्या दिवशी ताई टाकीशी गेली. मुकादम दगडाला टेकून एका कुशीवर कलला होता. पाय ढिले. पत्र्यावर हिरवट थर धरायला लागला होता. पण तिची नजर आणखी एका गोष्टीवर गेली, आणि त्याबद्दल मी तिला शंभर गुन्हे माफ करते. त्या टाकीत काचेवर चिकटून शेवाळ खाणाऱ्या छोट्या गोगलगाई होत्या. आदल्या दिवशीपर्यंत ठणठणीत होत्या. त्या आता तळाशी पडल्या होत्या, काही आत ओढून बंद झालेल्या, काही तशाच सैल बाहेर लोंबणाऱ्या. गोगलगाईंना कुठे तांबं कमी पडलं होतं? त्यांना कुणी फिकं म्हटलं नव्हतं. त्या टाकीत नवीन असं एकच आलं होतं.

तिने बाही वर करायचीही वाट पाहिली नाही. हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला आणि पत्रा बाहेर काढला. पुस्तक खरं की गोगलगाय खरी, हा निवाडा तिने त्या एका क्षणात केला, आणि आमच्या घरात वाढलेल्या मुलीसाठी तो सोपा नव्हता.

मग ती साहेबांच्या खोलीत गेली, सगळं जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही. साहेबांनी कपाळाला हात लावला. किनाऱ्यावरच्या सागरी संशोधन केंद्राचा नंबर त्यांच्याकडे होता, तो त्यांनी स्वतः फिरवला आणि फोन ताईकडे दिला. पलीकडे एक संशोधक बाई होत्या, खेकड्यांवर त्यांचा अभ्यास होता. त्यांनी ताईला बोलू दिलं. पत्रा किती मोठा, पाणी किती, गोगलगाई केव्हा पडल्या, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "तांबं त्याच्या रक्तात आहे म्हणून पाण्यात टाकायचं नसतं. आपल्या रक्तात लोखंड आहे, पण कुणी खिळे गिळत नाही. खेकडा आपलं तांबं अन्नातून घेतो आणि रक्तातल्या प्रथिनात बसवतो. पाण्यात विरघळलेलं तांबं त्याच्या कल्ल्यांना विष आहे."

ताईने विचारलं, मग पुस्तकात असं का लिहिलं? बाई हसल्या. त्यांच्या स्वतःच्या शिक्षकांनी त्यांना कितीतरी गोष्टी अशाच जुन्या पुस्तकातून शिकवल्या होत्या, आणि त्या निम्म्या विसरून पुन्हा शिकायला त्यांनाही बराच काळ लागला, असं त्यांनी सांगितलं. ज्याने लिहिलं त्याने रक्तात तांबं बघितलं, पुढचा अंदाज बांधला, आणि छापून मोकळा झाला. मग त्यांनी ज्यासाठी आम्ही त्यांना कायम दुवा देतो तो प्रश्न विचारला. खेकड्याच्या पाठीच्या कवचाला मागच्या कडेला एखादी बारीक भेग दिसते का?

ताई टाकीकडे धावली. भेग होती. केसाएवढी, पण होती.

तो आजारी नव्हताच. कात टाकायच्या बेतात होता. खेकड्याचं अंग वाढतं, कवच वाढत नाही, म्हणून तो जुनं कवच उकलून बाहेर पडतो. त्याआधी खाणं सोडतो, रंग उतरतो, कोपरा धरून बसतो. आम्ही बाळंतपणाला आलेल्या बाईला विषाचा काढा पाजला होता, असं ताई पुढे म्हणायची. बाईंनी बजावलं, आता एकेक तास मोलाचा आहे. त्या टाकीतले दगड, वाळू, सगळ्यात तांबं मुरलं असणार. नवी टाकी, नवं समुद्राचं पाणी, आणि त्याला बोट न लावता पाण्यातल्या पाण्यात उचलायचं. कात टाकताना त्याच्या अंगात ताकद उरली असेल तर वाचेल, नाहीतर अर्ध्यात अडकून मरेल. त्यापुढे त्यांच्या हातात काही नव्हतं.

ताईने मला प्रयोगशाळेत फोन केला. "ये," एवढंच म्हणाली. मी शेवटची नळी भरली, पट्टा सोडला आणि निघाले. नवराही कामावरून आला.

समुद्राचं पाणी मागच्या आवारात मोठ्या पिंपांतून साठवलेलं असायचं. नेमका त्या दिवशी पाणी चढवायचा पंप बंद पडला होता, वेळ अशी नेहमी ठरवूनच येते. मग बादल्या. त्या अरुंद बोळात आम्ही रांग धरली, मी, नवरा, तिकिटाच्या खिडकीतला माणूस आणि चक्क साहेब, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. साहेबांनी पुढच्या दालनात मुकादमाच्या जुन्या आणि नव्या टाकीच्या काचांवर वर्तमानपत्र चिकटवून टाकलं आणि बाहेर पाटी लावली: मुकादम रजेवर. मला तेव्हापासून त्या माणसाबद्दल आदर आहे. ताई मुकादमाला कुणालाच हात लावू देत नव्हती, प्रत्येक बादलीचं पाणी कसं आहे ते थर्मामीटर घालून बघत होती. एका बादलीत तळाला गंज दिसला तर तिने ती माझ्या नवऱ्याच्या पायावरच रिकामी केली. त्याने पाय झटकले आणि पुढची बादली आणली. इतक्या वर्षांच्या भांड्यांनी त्याला शहाणपण शिकवलं होतं.

टाकी भरल्यावर तिने एक पसरट तबक अलगद मुकादमाच्या खाली सरकवलं, तेच एनॅमलचं. त्याला पाण्यासकट उचललं आणि नव्या टाकीत सोडलं. त्याच्या एका पायाचं टोक हललं. बस्स, तेवढंच.

संध्याकाळी बाबा आले. निवृत्त झाल्यापासून ते गल्लीपलीकडे कुठे जात नसत. ते बोळात आले, उलट्या बादलीवर बसले आणि चष्मा लावून टाकीकडे बघत राहिले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण ताईने पत्रा रुमालावर ठेवला होता, हिरवा पडलेला, तो त्यांना दिसला. मग त्यांनी विचारलं, "माझ्या पुस्तकाने केलं ना हे?"

ताई म्हणाली, "मी केलं, बाबा. वाचलं, पण त्याच्याकडे नीट बघितलं नाही."

बाबांनी पत्रा उचलला, रुमालात गुंडाळला आणि खिशात घातला. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. इतकं एकटं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, आणि मला त्यांची फार दया आली. रस्ताभर ते माझा हात धरून चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईबरोबर मीही गेले, कारण तिला एकटीला कुलूप उघडू द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. टाकीशी ती पुढे झाली आणि थांबली. मुकादम टाकीच्या मधोमध पडला होता. पाठीचं कवच मागून उघडं, पाय पसरलेले, डोळ्यांच्या काड्या पारदर्शक. त्याच्यात काही नव्हतं. ताईने भिंतीला हात लावला आणि ती ओल्या फरशीवर खाली बसली. मी तिच्या खांद्याला धरलं. मी रोज लोकांना 'काही होत नाही' असं म्हणून सुई टोचते, पण तेवढंही तोंडातून निघालं नाही.

मग दगडामागून दोन काड्या वर आल्या.

आधी काड्या, मग नांगी, मग पाठ. मऊ, सुरकुतलेली, ताज्या रंगाची, आधीच्यापेक्षा चांगलीच मोठी. मधोमध पडलं होतं ते त्याचं रिकामं कवच, डोळ्यांवरच्या खोळीसकट काढून ठेवलेलं. मुकादम कोपऱ्यात उभा होता आणि आम्हा दोघींकडे बघत होता. ताई जमिनीवर का बसली आहे, काम कधी सुरू होणार, असं काहीतरी त्याच्या मनात असावं.

ताईने काय केलं असेल? ती उठली, पुढच्या दालनात गेली, नव्या टाकीच्या काचेवरचं वर्तमानपत्र एका हिसक्यात फाडून काढलं, आणि साहेब येईपर्यंत त्या अंधाऱ्या दालनात मोठ्याने हसत होती. साहेब आले, त्यांनी बघितलं आणि हातातला डबा तिथेच खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाने पाटीवर 'रजेवर' खोडून 'रुजू' लिहिलं. फोनवर संशोधक बाईंनी आधी खात्री करून घेतली, मग इतका वेळ अभिनंदन केलं की मला वाटलं, त्यांच्याकडेही कुणी रात्रभर जागं होतं. कवच लगेच काढू नका, त्यातला चुना तो खातो, असं त्या म्हणाल्या. मुकादमाने ते हवं तेवढं कुरतडलं आणि बाकीचं ताईसाठी ठेवलं. त्याचं नवं कवच कडक झालं की नाही ते बघायला ताईने एके दिवशी अंगठा पुढे केला, आणि ते झालं होतं. व्रण तेव्हाचा. मलमपट्टी मी केली, तिचं लाल रक्त पुसलं, आणि ती त्या वेळीही हसत होती.

मुकादम वाचला त्या रात्री जेवण झाल्यावर कुठलाच वाद नव्हता, तरी बाबा उठले. हात धुतले, बेचक्यांतून पुसले. 'ख'चा खंड टेबलावर ठेवला, खेकड्याचं पान उघडलं, आणि आपल्या जुन्या पेटीतून एक कोरा कागद काढून सुरीने पानाच्या मापाचा कापला. पेन ताईपुढे ठेवलं.

"लिही," म्हणाले. "पुस्तक मी बांधलं. आत काय असायला हवं ते तू लिही."

ताई बराच वेळ लिहीत होती. तांबं अन्नातून येतं. पाण्यातलं तांबं विष आहे. फिका पडला, अन्न सोडलं, तर आधी पाठीमागची भेग बघा. शेवटी तिने लिहिलं की मूळ मजकुराप्रमाणे एकदा करून बघितलं होतं आणि गोगलगाई मेल्या. बाबांनी ते वाचलं, एक शब्दही बदलला नाही. कागदाच्या कडेला बारीक खळ लावली आणि जुन्या पानाशेजारी इतकं सफाईने चिकटवलं की ते पहिल्यापासून तिथेच असावं असं वाटावं. जुनं पान त्यांनी फाडलं नाही. नवऱ्याने विचारलं, मग आज भांडी कोण घासणार? बाबा म्हणाले, "मी." आणि खरंच घासली. आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बघत होतो.

त्यानंतर त्या कपाटाला ऊत आला. ताई केंद्रातल्या बाईंना भेटायला जायची, नवं काही कळलं की पान लिहायची, बाबा चिकटवायचे. जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या नोंदीत पान जोडलं, त्याच्याही रक्तात तांबंच असतं. एका समुद्री जीवाच्या रक्तात व्हॅनेडियम नावाचा धातू सापडतो, तोच प्राणवायू वाहून नेतो असं कोश छातीठोकपणे सांगत होता. धातू असतो, पण प्राणवायू वाहून नेत नाही, म्हणून तिथेही पान आलं. चंद्राचं पान मी लिहिलं, आणि लिहिताना मला जे समाधान झालं ते सांगण्यासारखं नाही. घोड्याच्या मिशांवर मात्र बाबांनी पान लावू दिलं नाही. तो गुन्हा राहू दे, म्हणाले.

खंड फुगत गेले. 'ख'चा तर कपाटाच्या दारात अडकायला लागला. अगदी थकल्यावर, हात पुरते कापायला लागल्यावर बाबांनी तो उकलला आणि पहिल्यापासून पुन्हा बांधायला घेतला. सुईत दोरा मी ओवून द्यायचे, टाके ते घालायचे. पुढच्या पुठ्ठ्यावर त्यांनी तो तांब्याचा पत्रा बसवला, घासून लख्ख केलेला, उलटा खेकडा. आणि शेवटी, मजकूर संपल्यावर, कोऱ्या कागदांची चांगली जाड जुडी शिवली.

ताईने विचारलं, "बाबा, एवढी कोरी पानं कशाला?"

बाबांनी दोऱ्याची गाठ मारली, दाताने तोडली, आणि पुस्तकावरून हात फिरवला.

"अजून काय काय चुकलंय," म्हणाले, "ते कळायचंय ना."